वकट, लेंड, मूंड : खेळातल्या शब्दांची देवघेव



व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय ठेवला म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनदा यांची कथा ऐकावयास मिळणार, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. त्या मानाने आजचा विषय फारच हलका वाटेल. मुले खेळताना जे शब्द उच्चारतात ते कोठून आले, एवढाच तो आहे. पण हा विषय मी जाणूनबुजून घेतला आहे. सनदेत जे लिहिलेले असते ते बहुधा लिहविणाऱ्याच्या सोयीचे असते. खेळणारे मूल कोणाच्याच सोयीसाठी बोलत नाही. त्याला डाव जिंकावयाचा असतो, आणि त्या भरात त्याच्या तोंडून जो शब्द निघतो, तो त्याच्या गावाचा शेजार कोणाकोणाशी होता हे सहज सांगून जातो. अशी साक्ष इतिहासाच्या अभ्यासकाने वाऱ्यावर सोडू नये.

हा विषय आजच घेण्याला दुसरेही कारण आहे. हल्ली कोणत्याही घराच्या ओट्यावर चार मुले मोबाइल घेऊन बसलेली दिसतात. 'लेव्हल वाढली', 'बॉस आला', 'लाइफ संपली', 'चिकन डिनर झाले' असे शब्द कानी पडतात. जवळच बसलेले आजोबा कपाळाला हात लावतात. त्यांना वाटते, मराठीचे आता काही खरे नाही. आमच्या वेळचे खेळ आपले होते आणि खेळातले शब्दही आपलेच होते. आजोबांच्या या दुःखाचा मी अनादर करीत नाही. फक्त त्यांच्याच वेळच्या खेळाकडे आपण थोडे निरखून पाहू.

तो खेळ म्हणजे विटीदांडू. हा खेळ भारतवर्षात फार जुना. महाभारताच्या आदिपर्वात हस्तिनापूरचे राजकुमार 'वीटा' घेऊन खेळत असताना ती विहिरीत पडते आणि द्रोणाचार्य गवताच्या काड्यांनी ती वर काढून देतात, ही कथा आपणांस ठाऊकच आहे. आपली विटी त्या वीटेच्याच कुळातली आणि दांडू हा दंडाच्या कुळातला. म्हणजे खेळाचे नाव संस्कृताकडून आले. पण आता खेळ सुरू होऊ द्या. विटीला टोला बसला, ती दूर जाऊन पडली, आणि मुलगा तेथपासून खळगीपर्यंत दांडूने अंतर मोजत निघाला. तो एक, दोन, तीन असे मोजतो काय? नाही. तो मोजतो : वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू. सात झाले की पुन्हा वकट. शेवटी जे नाव येईल त्या नावाच्या रीतीने पुढला टोला मारावयाचा; कधी विटी पायाच्या पंजावर ठेवून, कधी मुठीवर, कधी बोटांच्या बेचक्यात, कधी डोळ्यावर. रीती गावोगाव थोड्याफार वेगळ्या आहेत. नावेही कोठे एखादे कमी, कोठे एखादे जास्त. परंतु वकट, लेंड, मूंड, नाल ही चौकडी महाराष्ट्रात दूरवर ऐकू येते.

आता कोणाही तेलुगू माणसाला एक ते सात मोजावयास सांगा. तो म्हणेल : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु. श्रोतेहो, आपली वकट म्हणजे त्याची ओकटि, आपला लेंड म्हणजे त्याचा रेंडु, मूंड म्हणजे मूडु, नाल म्हणजे नालुगु आणि आर म्हणजे आरु. कानडीशीही आपला शेजार आहे, म्हणून तीही पडताळून पाहू. कानडीत एकाला ओंदु म्हणतात आणि दोनाला एरडु. त्यांतून वकट आणि लेंड निघत नाहीत. तेव्हा हे अंक तेलुगूचेच, याविषयी संशय राहत नाही. मूंड या शब्दातला अनुस्वारही पाहण्यासारखा आहे. आजचा तेलुगू माणूस मूडु म्हणतो. पण जुन्या तेलुगूत मूंडु असाच उच्चार होता, आणि परंपरेने लिहिणारे त्या गेलेल्या अनुनासिकाची खूण अर्धानुस्वाराने अजून दाखवितात. आपल्या मुलांच्या तोंडचे रूप त्या जुन्या रूपाशी जुळते.

येथे आणखी एक मौज आहे. सात नावांत पाचवा ऐदु गळालेला आहे. त्याच्या जागी आर, म्हणजे सहा, येऊन बसला आहे. मोजणारा मुलगा पाचव्या दांडूला 'सहा' म्हणतो आणि त्याचे काहीच अडत नाही. याचा अर्थ असा की, हे अंक आहेत हीच गोष्ट विसरली गेली; राहिली ती केवळ क्रमाने म्हणावयाची नावे. आणि एकदा अर्थ विसरला की मराठी कानाने आपले काम सुरू केले. लेंड, मुंड, नाल, आर, वेद, हे सगळे आपल्या घरातले शब्द आहेत. लेंड गोठ्यातली, मुंड मस्तकाचे, नाल घोड्याच्या पायाची, आर शेतकऱ्याच्या पराणीची आणि वेद तर चारही आपलेच! परका एडु आपल्या ओळखीच्या वेदाचा पोशाख घालून बसला असावा, असे मला वाटते. वकट तेवढा कोणत्याच मराठी शब्दाशी जुळला नाही, म्हणून तो तसाच राहिला. झकू तर तेलुगू अंकांच्या मालिकेतच बसत नाही. परका शब्द आला म्हणजे मराठी बुडते, असे आपण म्हणतो. येथे मात्र मराठीनेच त्या परक्या शब्दांना आपला अंगरखा चढविलेला दिसतो.

मग तेलुगू अंक आपल्या गल्लीबोळांत आले कसे? ते एका दिवशी, एका वाटेने आले असे मानण्याचे कारण नाही. मराठी आणि तेलुगू मुलखांचा संबंध दोन हजार वर्षांचा आहे. सातवाहनांची सत्ता पैठणपासून आंध्रातील अमरावतीपर्यंत पसरली होती. त्यांच्या काही चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस प्राकृत आणि दुसऱ्या बाजूस द्राविड भाषेतील लेख आहे. पुढे देवगिरीचे यादव आणि ओरुगल्लूचे काकतीय यांचे कधी युद्ध, कधी तह असे चालले. त्यानंतरची एक महत्त्वाची घटना तर आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात घडली. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत निजाम-उल्-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत आसफजाही सत्तेचा पाया घातला. त्या सत्तेखाली तेलंगण, मराठवाडा आणि वऱ्हाड ही एकाच दौलतीची अंगे झाली. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. मराठवाडा आणि तेलंगण तर त्यानंतरही शंभर वर्षे एकत्रच होते.

परंतु राज्यांच्या सीमांपेक्षा माणसांच्या पायवाटा अधिक महत्त्वाच्या. विहिरी खणणारे, दगड फोडणारे, मातीकाम करणारे वडार. व्यापार करणारे कोमटी. माग चालविणारे पद्मशाली. या मंडळींच्या घरची बोली तेलुगू. ती महाराष्ट्रभर कामासाठी फिरली, बाजाराच्या गावी राहिली, आणि जेथे राहिली तेथे तिची मुले गावातल्या मुलांबरोबर खेळली. मोठी माणसे एकमेकांच्या पंक्तीला बसत नव्हती त्या काळीही मुलांची खेळाची पंगत बहुधा एक होत असे. ज्यांच्या घरचे पाणी प्यावयाचे नाही, अशी ताकीद मुलांना मिळत होती, त्यांच्या भाषेतले अंक ती मुले दिवसभर घोकत होती. वडार समाजाला महाराष्ट्रात आजही विमुक्त जातींच्या यादीत आपले स्थान शोधावे लागते. आणि गावातले कोणी 'हे बाहेरचे' असे सहज बोलून जाते. अशा वेळी वकट, लेंड, मूंड हे शब्द साक्षीला उभे करावेत. ज्यांची भाषा आपल्या मुलांच्या बोटांवर मोजली गेली, ते बाहेरचे कसे?

ही झाली मैदानातली गोष्ट. आता पटावरच्या खेळाकडे वळू, कारण तेथे शब्दांचा प्रवास याहून लांबचा आहे. बुद्धिबळाचे मूळ आपल्या चतुरंगात आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे, म्हणून चतुरंग. हा खेळ इराणात गेला, तेथे चत्रंग झाला. अरबांच्या तोंडी शतरंज झाला. आणि त्यांच्याबरोबर युरोपात पोहोचला. जाताना त्याने इराणात एक शब्द उचलला : शाह, म्हणजे राजा. प्रतिपक्षाच्या राजावर मारा आला की खेळणारा 'शाह!' म्हणून त्याला सावध करी, आणि राजा निरुपाय झाला की 'शाह मात'. तोच खेळ फारसी शब्द घेऊन आपल्याकडे परत आला. म्हणून आपण पटावर 'राजा' ठेवतो आणि त्याच्यावर चाल करताना 'शह' म्हणतो. म्हणजे राजालाच दोन भाषांत हाक मारतो. राजाशेजारी अरबी वजीर उभा आहे आणि पुढे फारसी प्यादी उभी आहेत. पुढे हे शब्द पट सोडून बोलण्यात आले. आपण संकटावर मात करतो, प्रतिस्पर्ध्याला शह देतो, आणि त्या शहाला 'काटशह' देतो. काटशह या शब्दात काट मराठी आणि शह फारसी आहे. पण बोलताना तो सांधा कोणाला जाणवत नाही.

त्याच शाहाची दुसरी शाखा इंग्लंडात गेली. इंग्रजीतील 'चेस' आणि 'चेक' हे दोन्ही शब्द त्या शाहापासूनच निघाले. बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटीची चादर मेजावर अंथरून तेथील राजाचे अधिकारी सरकारी हिशोब करीत, म्हणून त्या खजिन्याला 'एक्स्चेकर' नाव पडले. आणि बँकेचा जो 'चेक', त्याच्या इंग्रजी लिहिण्यावर या एक्स्चेकरची छाप आहे. खामगावच्या बाजारात कापूस विकून शेतकरी चेक घेऊन घरी येतो, तेव्हा त्याच्या खिशात इराणचा शाह असतो. खेळातला एक शब्द किती दूर जाऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

इंग्रज येथे आल्यावर ही देवघेव आणखी वाढली, आणि ती दोन्ही अंगांनी वाढली. 'जिमखाना' हा शब्द घ्या. आपण तो इंग्रजी समजतो, इंग्रज तो हिंदुस्थानी समजतो. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशाच्या कर्त्यांचे मत असे की, हा शब्द मुंबई इलाख्यात घडविला गेला. चेंडू खेळण्याची जागा ती गेंदखाना, आणि त्यातल्या गेंदच्या जागी इंग्रजी जिम्नॅस्टिकमधला जिम बसविला. पुढे मुंबईत १८७५ साली बॉम्बे जिमखाना आणि पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला. शब्द मात्र तेथेच थांबला नाही. तो इंग्रजीतून जगभर गेला. आज जपानात मोटारी वळणावळणाने हाकण्याची एक शर्यत असते, तिला जपानी लोक 'जिमुकाना' म्हणतात. आपल्या मुंबई इलाख्यातला गेंदखाना आज तोक्योच्या परिसरात मोटारीत बसून फिरत आहे!

बॅडमिंटनचेही असेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला 'पूना' म्हणत. पुढे इंग्लंडातील बॅडमिंटन नावाच्या वाड्यावरून त्याला आजचे नाव पडले. आपली पचिशी इंग्लंडात गेली, १८९६ च्या सुमारास 'लुडो' हे लॅटिन नाव धारण करून आली, आणि आपण तिला विलायती समजून घरात घेतले. २०१६ साली नवी मुंबईच्या एका कंपनीने 'लुडो किंग' नावाचा मोबाइलचा खेळ काढला. २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत पोहोचला. म्हणजे पचिशी विलायतेस जाऊन आली आणि आता मोबाइलमधून पुन्हा जगाच्या फेरीला निघाली आहे.

क्रिकेटच्या बाबतीत आपण जरा सावधपणे वागलो. आकाशवाणीवरील धावत्या समालोचनाने आणि वृत्तपत्रांनी मराठी शब्द रूढ केले : धाव, षटक, झेल, यष्टिरक्षक, फलंदाज, गोलंदाज. हे शब्द सुंदर आहेत आणि ते टिकले. पण त्यांतील गोलंदाज हा मूळचा कोण? तो तोफखान्यातला तोफ डागणारा. मराठ्यांच्या फौजेत तो होता, आणि त्याचे नाव फारसी 'अंदाज' या शब्दाने, म्हणजे फेकणे या अर्थाने, संपते. इंग्रजी बोलर नको म्हणून आपण जो 'शुद्ध' मराठी शब्द आणला तो फारसी तोफेवरून उतरलेला निघाला. त्याच्या जोडीला फळी हाती घेतलेला फलंदाज घडविला गेला. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. त्या फारसीला मराठी होऊन तीनशे वर्षे उलटली होती.

आणि आपण केवळ घेतच आलो असेही नव्हे. 'खो' हा दोन अक्षरांहूनही लहान शब्द पाहा. खो-खोचे नियम डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास बांधून दिले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. निरनिराळ्या खंडांतले खेळाडू आले, आणि पाठीवर थाप मारून प्रत्येकाने 'खो'च म्हटले. त्याचे भाषांतर करण्याची कोणाला गरज भासली नाही.

एवढे पाहून झाल्यावर आता आपण ओट्यावरच्या मुलांकडे परत येऊ. त्यांच्या मोबाइलमधील शब्द कोठून आले? त्यांतले पुष्कळसे अमेरिका आणि जपान या दोन देशांनी गेल्या पन्नास वर्षांत एकमेकांना दिलेले आहेत. जपानात 'गो' नावाचा पटावरचा खेळ फार प्रतिष्ठेचा. त्यात प्रतिपक्षाच्या सोंगट्या पुढल्या चालीत मरणार अशी स्थिती आली की तिला 'अतारी' म्हणतात. आपल्या शहासारखाच तो प्रकार. १९७२ साली कॅलिफोर्नियात नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी विजेच्या पडद्यावरच्या खेळांची कंपनी काढली आणि तिला नाव दिले 'अटारी'. जपानी पटावरचा शह अमेरिकन कंपनीच्या पाटीवर जाऊन बसला. पुढे १९८० साली जपानच्या नाम्को कंपनीने एक खेळ काढला. त्यात एक वाटोळे तोंड चक्रव्यूहातून ठिपके खात सुटते. जपानी माणूस तोंडाची उघडझाप करून खाण्याला 'पाकु-पाकु' म्हणतो, जसे आपण मटामटा खाणे म्हणतो. त्या पाकु-पाकुला इंग्रजी 'मॅन' जोडून जो शब्द झाला तो 'पॅक-मॅन' या रूपाने जगभर गेला. काटशहासारखाच हा जोडशब्द आहे.

उलट बाजूने पाहा. 'बॉस' हा शब्द मूळचा डच, मालक या अर्थाचा. डच वसाहतवाल्यांबरोबर तो अमेरिकेत गेला, इंग्रजीत रुळला, आणि तेथून जपानात आला. खेळाच्या शेवटी जो महाबलाढ्य शत्रू उभा राहतो त्याला जपानी मुलांनी 'लास्ट बॉस' म्हटले, आणि त्यांच्या तोंडी त्याचे 'रासुबोसु' झाले. 'गेम'चे त्यांनी 'गे' एवढे छाटले आणि जिंकणे अशक्य असलेल्या खेळाला 'मुरी-गे' म्हणू लागले. मुरी म्हणजे अशक्य. नाणे टाकून दांडी फिरवली की खेळणे बाहेर पडते, अशा पेटीच्या आवाजावरून 'गाचा' हा शब्द झाला. आज पैसे भरून नशीब अजमावण्याच्या मोबाइलमधल्या प्रकाराला इंग्रजी बोलणारे खेळाडूही 'गाचा'च म्हणतात. दांडीचा तो खडखडाट त्यांच्यापैकी पुष्कळांनी कधी ऐकलेलाही नसतो. आणि आपल्या मुलांचे 'चिकन डिनर'? ते मूळचे अमेरिकेतील जुगाऱ्यांच्या तोंडचे वाक्य. एका कोरियन कंपनीने ते आपल्या पब्जी या खेळात विजेत्यासाठी घातले. २०२० च्या सप्टेंबरात भारत सरकारने त्या खेळाच्या मोबाइल आवृत्तीवर बंदी घातली. पण शब्द मुलांच्या तोंडी राहून गेला. शाकाहारी घरातले मूलही जिंकल्यावर चिकन डिनर म्हणते आणि आजी दचकते!

श्रोतेहो, आता वकट आणि रासुबोसु शेजारी शेजारी ठेवा. दोहोंचे वागणे एकच दिसेल. पहिली गोष्ट : खेळ जेथे जातो तेथे त्याचा शब्द त्याच्या बरोबर जातो, कारण डाव चालू असताना भाषांतराला वेळ नसतो. दुसरी गोष्ट : घेणारा तो शब्द आपल्या जिभेला बसेल असा छाटतो, रेंडुचा लेंड होतो, लास्ट बॉसचा रासुबोसु होतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : मूळ अर्थ मरतो, पण शब्दाचे काम चालू राहते. दोन हा अर्थ गेला, लेंडीचा टोला राहिला. पेटीचा आवाज गेला, गाचा राहिली. आणि अर्थ मेलेला तो शब्द खडकात रुतलेल्या शिंपल्यासारखा आतच राहतो. शिंपला सापडला की येथे कधीकाळी पाणी होते हे कळते. तसा वकट सापडला की येथे शेजार होता हे कळते.

यावर कोणी म्हणेल, मग काय, येईल तो शब्द येऊ द्यावा आणि मराठीने स्वस्थ बसावे? तसे माझे म्हणणे नाही. शिवछत्रपतींनी रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश रचून घेतला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. राज्य आपले, तर त्याचा कारभार प्रजेच्या भाषेजवळचा असावा, ही दृष्टी थोर होती. कचेरी, न्यायालय आणि शाळा यांची भाषा आपली असावी म्हणून आजही झटलेच पाहिजे. कारण तेथे शब्द न कळला तर माणसाचा हक्क बुडतो. पण कचेरी आणि मैदान यांचा न्याय एक नव्हे. मैदानात शब्द न कळला तर शेजारचा पोर तो समजावून सांगतो, आणि तेथूनच मैत्री सुरू होते. ज्या काळी दरबारी कोश तयार होत होता त्या काळीही पटावर शह चालूच होता, आणि त्याने मराठीचे काही बिघडविले नाही. उलट 'शह' आणि 'मात' यांच्यावाचून आज मराठीत राजकारणाचा अग्रलेखही लिहिता येणार नाही.

भाषेची हानी होते ती निराळ्या रीतीने. परका शब्द आला म्हणून ती होत नाही. खेळ बंद पडला, बोलणे बंद पडले म्हणजे होते. आज विटीदांडू खेळणारी मुले शोधावी लागतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला वकट, लेंड विचारले तर तो तोंडाकडे पाहत राहतो. 'बॉस' हा शब्द मराठीत आला याची मला चिंता नाही. वकट हा शब्द कोणीही न टिपता निघून जात आहे याची आहे. कारण तो गेला की त्याच्याबरोबर एक पुरावाही गेला. या मातीत तेलुगू बोलणारी मुले आणि मराठी बोलणारी मुले एका खळगीभोवती उभी राहिली होती, याचा पुरावा. तो कोणत्याही ताम्रपटावर कोरलेला नाही.

म्हणून माझी विनंती फार लहान आहे. आपल्या गावात, आपल्या वाडीत, तांड्यावर, वडारवाड्यात, मोहल्ल्यात जे वडीलधारे आहेत त्यांना विचारा : तुम्ही लहानपणी काय खेळत होता, आणि मोजताना काय म्हणत होता? बायकांना विशेष विचारा. सागरगोट्या, फुगड्या, भोंडला, भुलाबाई यांतले शब्द त्यांच्याच जवळ आहेत, आणि ते विचारावयास कोणी जात नाही. जे सांगतील ते जसेच्या तसे वहीत लिहा. शुद्ध करू नका. त्याच वहीच्या पुढल्या पानावर आपल्या नातवाला त्याच्या मोबाइलमधले शब्द लिहू द्या. गावोगावच्या अशा वह्या एकत्र आल्या तर या मुलखाचा एक असा इतिहास उभा राहील की ज्यात कोणी जिंकलेले नाही आणि कोणी हरलेले नाही; फक्त डाव चालू आहे. आजोबा आणि नातू यांनी ती वही एकत्र बसून लिहिली, तर ओट्यावरचे भांडणही त्याच दिवशी मिटेल.